खड्यासारख्या बिया

भेंडीच्या एकाच वाणाचे दोन लॉट माझ्याकडे तपासणीला आले होते. एक पावसाळ्यात पिकलेला, दुसरा उन्हाळ्यात. प्रत्येकी 400 बिया ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत घालून रोज 16 तास 20 अंशांवर आणि 8 तास 30 अंशांवर ठेवल्या. भेंडीची पहिली मोजणी चौथ्या दिवशी होते, शेवटची एकविसाव्या. उन्हाळी लॉट पहिल्या मोजणीतच मागे पडला आणि मागेच राहिला. एकविसाव्या दिवशी उगवण पावसाळी लॉटची 84 टक्के, उन्हाळीची 62.

उत्पादन विभागातून सकाळीच फोन. "मॅडम, उन्हाळी लॉट बाद धरू ना?"

"संध्याकाळी सांगते," म्हटलं खरं, पण मनातून मीही तो बादच केला होता.

गुंडाळ्या सोडताना न उगवलेली एकेक बी चिमटीत दाबून पाहायची असते. कंटाळवाणं काम आहे, घाईच्या दिवशी सगळ्यात आधी याच कामाला कात्री लागते. मेलेली बी मऊ पडते, दाबली की आतला गर बाहेर येतो. उन्हाळी लॉटमधल्या बऱ्याच बिया मात्र खड्यासारख्या टणक लागल्या. तीन आठवडे ओल्यात राहून त्यांच्यात पाणीच शिरलं नव्हतं. मोजल्या तर 96 भरल्या!

दुपारभर बसून ब्लेडने प्रत्येकीच्या कवचाला बारीक खाच पाडली. आतल्या गर्भाला धक्का लागू नये म्हणून नाभीपासून, म्हणजे बी शेंगेला जिथे चिकटलेली असते त्या जागेपासून लांब, आणि हलक्या हाताने. पुन्हा ओल्या कागदावर मांडल्या आणि फोन करून आणखी काही दिवस मागून घेतले. 96 पैकी 89 रुजल्या. पांढरी, सरळ, धडधाकट मुळं. मला त्या ट्रेपाशी उभं राहून भरून आलं होतं.

कारण वाळवणीत होतं. कोरड्या उन्हात त्या बियांतला ओलावा फार खाली गेला होता, आणि भेंडीची बी अशी कडक वाळली की तिचं कवच पाणी घेईनासं होतं.

मग मला पावसाळी लॉटचाच संशय यायला लागला. झाडावर तयार झालेल्या शेंगा पावसात भिजतात, वाळतात, पुन्हा भिजतात. बीचं वय तिथूनच वाढायला लागतं. बी साठवणीत किती टिकेल याचा अंदाज यावा म्हणून दोन्ही लॉट 41 अंशांच्या दमट पेटीत 72 तास ठेवले, तिथे बी झपाट्याने म्हातारी होते, आणि नव्याने उगवण घेतली. पावसाळी 84 वरून 51 वर घसरला. उन्हाळी फारसा हलला नाही.

उन्हाळी लॉटच्या अहवालात 62 टक्के 'साधारण रोपं', म्हणजे नीट वाढलेली, आणि 24 टक्के 'कठीण बिया', म्हणजे त्या पाणी न घेतलेल्या, असे वेगळे आकडे लिहिले. बेरीज करून 86 लिहिणं मला पटत नाही. कठीण बी शेतात मागेपुढे उगवते, आणि त्या विरळ ओळींचा त्रास पेरणाऱ्याला होतो.

"मग बाद कोणता, मॅडम?"

"कोणताच नाही. पावसाळी याच हंगामात पेरणीला जाऊ दे, साठवू नका. उन्हाळी ठेवा, पण विकायच्या आधी कवच घासून पुन्हा माझ्याकडे पाठवा."