कुणापुढे काय झाकायचं

घराचा नकाशा एकच असतो, वाचणारे मात्र नाना तऱ्हेचे. गवंड्याला भिंतीची जाडी हवी, इलेक्ट्रिशियनला स्विचबोर्ड, प्लंबरला पाइपचा उतार आणि चेंबर. घरमालकिणीला सोफा मावतो का, एवढंच बघायचं असतं. नकाशे काढायच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये हे सगळं आपापल्या लेअरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर, पण एकाच जागी दाटीवाटीने बसलेलं असतं. स्क्रीनवर तो रंगीत गुंता छान दिसतो. प्रिंट काढायला बसलं की अर्धा वेळ झाकाझाकीतच जातो.

झाकायचे प्रकारही तीन. ऑफ, फ्रीझ आणि लेअरच्या यादीतल्या प्रिंटरच्या चिन्हावर फुली. फुली मारलेला लेअर स्क्रीनवर दिसतो, कागदावर उमटत नाही. ऑफ म्हणजे पाहुणे आले म्हणून पलंगाखाली ढकललेला पसारा. दिसत नसला तरी घरातच आहे. सिलेक्ट करताना ‘ऑल’ टाइप करून डिलीट मारलं की तोही जातो. फ्रीझ केलेल्याला हात लागत नाही. तरीही निम्मं पुणं ऑफच्या, म्हणजे बल्बच्याच चित्रावर क्लिक करतं, कारण तो यादीत आधी येतो.

खरी सोय आहे ती व्ह्यूपोर्टमधल्या फ्रीझची. छपाईचा कागद मांडायच्या लेआउटवर नकाशा दाखवणारी चौकट म्हणजे व्ह्यूपोर्ट. त्या खिडकीत डबल क्लिक करायचं आणि लेअर तेवढ्या खिडकीपुरताच गोठवायचा. मग एकाच फाइलमधून गवंड्याचा कागद वेगळा निघतो, प्लंबरचा वेगळा. ही कागदाची वेगळी जागा, म्हणजे पेपर स्पेस, ऑटोकॅडमध्ये १९९० पासून आहे. तरी आजही ऑफिसांत ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल प्लंबर’ अशा तीन फाइली सुखाने नांदतात, आणि भिंत सहा इंच सरकली की ती एकीत सरकते, दोघींत नाही.

डेफपॉइंट्स हा लेअर कुणी बनवत नाही. पहिलं माप टाकलं की तो आपोआप येऊन बसतो आणि कधीही छापला जात नाही. म्हणून बरेच जण व्ह्यूपोर्टची चौकट त्याच्यावर ठेवतात. मला ते पटत नाही. चौकटीला स्वतःच्या नावाचा लेअर द्यावा आणि त्याचं प्रिंट बंद ठेवावं. नाहीतर एखादा नवा मुलगा डेफपॉइंट्सवरच भिंत काढतो. स्क्रीनवर ती ठणठणीत उभी असते, साइटवर गेलेल्या कागदावर तिचा मागमूस नसतो.

रंगांची गंमत आणखी निराळी. सीटीबी, म्हणजे कुठला रंग कागदावर कसा उमटावा हे ठरवणारी फाइल, वापरणाऱ्यांसाठी रंग हा रंग नसतोच, पेनची जाडी असते. सात नंबरचा रंग काळ्या स्क्रीनवर पांढरा आणि कागदावर काळा. त्यातली मोनोक्रोम, म्हणजे एकरंगी, फाइल लावली की २५५ च्या २५५ रंग काळे होतात. साइटसाठी ते उत्तम, महापालिकेच्या मंजुरीसाठी निरुपयोगी, कारण तिथे पाडायचं बांधकाम पिवळं आणि नवं बांधकाम लाल दाखवायचं असतं. पेठेतल्या जुन्या वाड्याचा नकाशा काढला की सगळा कागद हळदी-कुंकवाचा होतो.

हे सगळं दर वेळी हाताने करत बसू नये. कुठले लेअर उघडे, कुठले झाकलेले, ही मांडणी लेअर स्टेट्समध्ये एकदा नाव देऊन ठेवली की झालं. माझ्याकडे ‘गवंडी’, ‘वायरमन’, ‘महापालिका’ अशी नावं आहेत. ‘महापालिका’मध्ये फर्निचर गोठवलेलं असतं. एका वाड्याच्या पुनर्विकासात ती प्रत घरच्या आजींनी चष्मा लावून निरखली आणि विचारलं, “अरे, देवघर कुठंय?”

“आजी, ते फर्निचरमध्ये येतं. या प्रतीत दाखवत नाहीत.”

“देव फर्निचर कधीपासून झाले रे?”

यावर ऑटोकॅडच्या मदतपुस्तिकेत उत्तर नाही. देवघराला स्वतंत्र लेअर दिला आणि तो कुठल्याच स्टेटमध्ये गोठवायचा नाही असं ठरवलं. परवा प्लंबरचा साइटवरून फोन आला: “साहेब, हॉलच्या कोपऱ्यात चौकोन दाखवलाय, तिथे पाण्याचा पॉइंट द्यायचा का?”