वजा दोन

कोबे. रात्रीचे दीड. झोप नाही.

आजच्या कॅरिओकेचा, म्हणजे मशीनच्या साथीवर मी गायलेल्या गाण्याचा, व्हिडिओ तीनदा बघून झाला. पहिल्यांदा खूश होतो. दुसऱ्यांदा मधल्या म्युझिकच्या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी उमटलं आणि गेलं. तिसऱ्यांदा तिथेच थांबवून बोटांनी मोठं केलं. 'की', आणि त्यापुढे वजा दोन.

म्हणजे माझी पट्टी उतरवली होती. मला न विचारता.

शेवटच्या कडव्यातला तो वरचा सूर आयुष्यात पहिल्यांदा लागला, तो असा लागला तर. मूळ गाणं पांढरी दोनमधलं, आणि तो सूर पांढरी सहावर जातो. मशीनवरचा एक आकडा म्हणजे पेटीवरची एक पट्टी, काळी-पांढरी सगळ्या मोजून. वजा दोन केलं की गाणं पांढरी एकला येतं आणि वरचा सूर पांढरी पाचला. पांढरी पाच मला आंघोळ करतानाही लागते. आणि मी त्या सुरावर हात वर केला होता. व्हिडिओत दिसतोय तो हात.

एक मानलं पाहिजे, काम सफाईदार होतं. गाता गाता पट्टी बदलली की पायाखालची पायरी सरकल्यासारखं होतं, गाणारा पुढची एक-दोन मात्रा जुन्याच सुरात राहतो आणि सगळ्यांना कळतं. मधलं म्युझिक चालू असताना बदलली तर कान नव्या सुराला आपोआप बसतो. लयही हलत नाही. इथल्या मशीनमध्ये गाणं सुरांच्या खुणांच्या रूपात येतं आणि मशीन ते तिथल्या तिथे वाजवतं, त्यामुळे सूर उतरला तरी ठोका तोच राहतो. पूर्वी टेपचा वेग कमी करून सूर उतरवला की गाणंही रेंगाळायचं. ते झालं असतं तर मला तेव्हाच कळलं असतं. तेव्हाच कळायला हवं होतं का, ते ठरत नाहीये.

हे काम मामाचं. मामा म्हणजे बार चालवणारी बाई, आपल्या मामाशी काही संबंध नाही. सान्नोमिया स्टेशनाच्या डोंगराकडच्या अंगाला गल्ल्यांमध्ये अशी 'स्नॅक' आहेत. नाव स्नॅक, पण खायला जायची जागा नव्हे. एक काउंटर, आठ-दहा स्टुलं, मागे गिऱ्हाइकांची नावं अडकवलेल्या व्हिस्कीच्या बाटल्या. दार बंद, आतलं काही दिसत नाही. दारावर 'सभासदांसाठी' असेल तर मुकाट पुढे जायचं. नसेल तर दार अर्धं उघडून आधी दोन गोष्टी विचारायच्या: बसायचे किती आणि गाण्याचे वेगळे का. काही ठिकाणी गाणं बसायच्या पैशांतच येतं, काही ठिकाणी एका गाण्याचे शंभर-दोनशे येन. न मागता समोर येणारी छोटी वाटी फुकट नसते. आपल्याला गंडवलं म्हणणारे बहुतेक सगळे हे विचारायला विसरलेले असतात.

मी विचारलं होतं. ते बरोबर केलं होतं. रिमोट म्हणजे पाटीएवढा पडदा, त्यात इंग्रजी मेन्यू असतो, गाण्याच्या किंवा गायकाच्या नावाने शोधायचं आणि पाठवायचं. सलग दोन गाणी लावायची नाहीत, तेही पाळलं. तिथल्या जुन्या माणसाचं ठरलेलं गाणं आपण उचलायचं नाही. अशा गाण्याला इथे 'ओहाको' म्हणतात. माइक जाळीवर मूठ आवळून धरायचा नाही आणि स्पीकरकडे वळवायचा नाही, शिट्टी मारतो. तोंडापासून दोन-तीन बोटं. एको वाढवायचा मोह होतो, पण त्यात सूर झाकतो तसे शब्दही लापशी होतात. सगळं नीट केलं. फक्त पट्टी बघायची राहिली, आणि चाळीस वर्षं पेटीवर बोटं फिरवणाऱ्या माणसाचं तेवढंच राहावं!

क्लासला सरही उतरवायचेच. पण मोठ्याने. 'पेलत नाहीये, एक पट्टी खाली घे.' सगळ्यांसमोर. तेव्हा ते लागायचं. आता कुणी काही बोललं नाही, तर हे जास्त लागतंय. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. बाजूच्या बाईंनी तर टँबोरिन वाजवलं. त्यांनाही तो आकडा दिसलाच असणार, पडदा सगळ्यांच्या समोरच होता. पाहुणा आहे, म्हातारा आहे, जाऊ दे, असं काहीतरी. ही असती तर तिने परतताना रस्त्यातच सांगितलं असतं.

दोन वाजून गेले.

कॅरिओके याच गावात सुरू झालं म्हणे. म्हणजे टोकियोवालेही हक्क सांगतात, १९६७ चा. पण १९७१ मध्ये कोबेच्या बारमधून इनोउए दाइसुके यांची मशीनं लागली, अकरा. शंभर येनचं नाणं टाकायचं आणि गायचं. ते स्वतः बारमध्ये गाणाऱ्यांच्या मागे साथ करणारे. एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं, यांना जाता येईना, म्हणून त्याला साथीची टेप भरून दिली. तिथून हे सुचलं. मशीनसाठी भरलेल्या टेपाही साध्या गळ्याला झेपतील अशाच पट्टीत. पेटंट घेतलं नाही. २००४ मध्ये त्यांना शांततेचं इग नोबेल, म्हणजे नोबेलच्या धर्तीवरचं गमतीचं बक्षीस, मिळालं, माणसांना एकमेकांना सहन करायची नवी रीत दिली म्हणून. आज रात्री काउंटरवरच्या सहा माणसांनी मला सहन केलं, तर.

आत्ता आठवलं. कोपऱ्यातल्या टक्कलवाल्या आजोबांचं गाणं लागलं तेव्हा पडद्यावर वजा चार होतं. मी बघितलं होतं, आणि मनातल्या मनात 'अरेरे' म्हटलं होतं. त्यांनी रिमोटला हातही लावला नव्हता. मामाने ग्लास पुसता पुसता एका हाताने गाणं लावलं, पट्टी उतरवली, बर्फ घातला. त्यांना विचारलं नाही. टँबोरिनवाल्या बाईंनाही विचारलं नाही. प्रत्येकाचा आकडा तिला पाठ. माझा तिने पहिल्या कडव्यात काढला.

आणि बरोबर काढला, हे कबूल करायला हवं. वजा एकने भागलं नसतं.

व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकलाय. मधलं म्युझिक कापून. एवढं लांबलचक म्युझिक ऐकतंय कोण.