डावा हात उजव्याच्या जोडीला आणताना

ड्रमवर साधा रॉक बीट वाजवताना उजवा हात हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) एका बारमध्ये, म्हणजे चार मात्रांत, ८ स्ट्रोक मारतो आणि डावा समोरच्या स्नेअर ड्रमवर फक्त २, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला. म्हणजे तासभर वाजवलं की उजव्याचा सराव डाव्याच्या चौपट होतो. त्यामुळे ‘भरपूर वाजव, आपोआप जमेल’ हा सल्ला इथे उलटा लागू पडतो. भरपूर वाजवल्याने हातांमधलं अंतर वाढतं. तबला-डग्ग्याला दोन हातांची कामं मुळातच वेगळी असतात. ड्रमवर दोन्ही हातांत एकसारखी स्टिक असते आणि रोल (सलग जलद स्ट्रोक) ऐकताना कुठला स्ट्रोक कुठल्या हाताचा हे कळता कामा नये. मी उजव्या हाताने कामं करणारा, म्हणून पुढचं सगळं त्या बाजूने लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी हात बदलून वाचावं.

सुरुवात मोजमापाने केली. लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम ६० बीपीएमवर (मिनिटाला ६० ठोके), एका बीटला म्हणजे ठोक्याला ४ स्ट्रोक, एकाच हाताने, मिनिटभर. स्टिकची उंची, आवाज आणि लय तिन्ही टिकलं तर ४ बीपीएम वाढवायचे. ज्या आकड्याला खांदा वर सरकतो किंवा पकड आवळली जाते, तिथे त्या हाताची हद्द. माझा उजवा ११२ ला अडला, डावा ८४ ला. पण खरी माहिती आकड्यात नव्हती, अडण्याच्या कारणात होती. उजवा दमून थांबला. डावा दमायच्या आधीच बिघडला, कारण स्टिक सरावाच्या पॅडवरून उसळेनाशी झाली आणि प्रत्येक स्ट्रोक मनगटाने उचलावा लागला. डाव्या हाताला कमी पडते ती उसळी सांभाळण्याची सवय, ताकद नाही. म्हणूनच डाव्या हाताने दात घासा, वजनं उचला या उपायांवर माझा भरवसा नाही. त्यात कुठेच उसळी नसते.

हातांना दोष देण्याआधी स्टिकची अदलाबदल करून पाहावी. फरक स्टिकबरोबर दुसऱ्या हातात गेला तर जोडीच विषम आहे. दुकानात स्टिक काचेच्या काउंटरवर लोळवून सरळ आहे का ते बघतात, तसंच दोन्ही स्टिक ठोकून सूर जुळतो का तेही ऐकावं. १६ इंची, मध्यम जाडीची ५ए पुरेशी आहे. जाड २बी ने हात लवकर तयार होतो असं म्हणतात, पण डावा हात ती आवळून धरायला शिकतो आणि तेच तर मोडायचं असतं.

पकडीवर मी सगळ्यात जास्त वेळ दिला. मागच्या टोकापासून साधारण ५ ते ५.५ इंचांवर, अंगठा आणि तर्जनीचं पहिलं पेर यांच्यामध्ये स्टिकचा टेकू. नेमकी जागा शोधायला स्टिक सैल धरून पॅडवर सोडून द्यायची आणि किती वेळा उसळते ते मोजायचं. मागेपुढे सरकवत जिथे सर्वाधिक उसळ्या मिळतील ती जागा पक्की करायची. बाकीची तीन बोटं स्टिकला टेकलेली असावीत, दाबलेली नाही. मग फोन समोर ठेवून व्हिडिओ काढावा. बहुतेकांच्या उजव्या हाताची पाठ छताकडे असते आणि डाव्याचा अंगठा वर आलेला दिसतो. अंगठा वर आला की मनगटाला वरखाली जायला जागा कमी उरते, काम बोटांवर पडतं आणि डाव्याचा आवाज पातळ येतो. दोन्ही तळहात सारख्याच कोनात जमिनीकडे आणले की निम्मा फरक तिथेच मिटतो. पॅडची उंचीही तपासावी. खुर्चीवर पॅड ठेवून खाली मांडी घालून बसलं तर खांदे वर चढतात, आणि आधी चढतो तो डावा.

रोजचा मुख्य व्यायाम साधा आहे. ८ उजवे, मग १६ डावे, असं आलटून पालटून. डाव्याला दुप्पट आणि वेग डाव्याला झेपेल तोच. उजव्याच्या ८ स्ट्रोकमध्ये त्याची हालचाल नीट पाहायची आणि डाव्याने तिची नक्कल करायची. पॅडमागे उभी पट्टी लावून ९ इंचांवर खूण करावी, दोन्ही स्टिक तिथवर यायला हव्यात. डावी स्टिक कमी उचलली गेली की ती पॅडवर लवकर पोचते, आवाज बारीक येतो आणि रोल लंगडतो. रेकॉर्डिंग ॲपच्या आलेखात एक आड एक शिखर बुटकं दिसलं तर हेच घडतंय. त्यावर उपाय म्हणजे सिंगल स्ट्रोक (आळीपाळीने एकेका हाताचा) डाव्याने सुरू करणे, डा उ डा उ (डा म्हणजे डावा, उ म्हणजे उजवा). मेट्रोनोमचा प्रत्येक ठोका डाव्यावर पडतो आणि त्याला लपायला जागा राहत नाही.

खरी कसोटी डबल स्ट्रोकची, म्हणजे एकाच हाताच्या लागोपाठ दोन स्ट्रोकची. पहिला स्ट्रोक मनगटाचा, दुसरा उसळीतून बोटांनी पकडलेला. डाव्याचा दुसरा जवळजवळ नेहमी मेलेला असतो, कारण पहिल्यानंतर बोटं आवळली जातात. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीच्या ४० रुडिमेंट्समध्ये (ड्रमच्या पायाभूत धड्यांमध्ये) डबल स्ट्रोक रोल आहेच, पण मला सर्वाधिक उपयोग झाला तो डबल तिपटीत बसवण्याचा. एका बीटला ३ स्ट्रोक: उउडा, डाउउ, डाडाउ, उडाडा. यात दुसरा बीट डाव्याच्या दुसऱ्या स्ट्रोकवर आणि चौथा उजव्याच्या दुसऱ्यावर पडतो. बीटवरचा स्ट्रोक थोडा जोरात मारला की मेलेला स्ट्रोक आपसूक जिवंत होतो. ६० ला हे स्वच्छ येईपर्यंत वेग वाढवू नये. नंतर सिंगल आणि डबल मिसळणारा पॅराडिडल, उडाउउ डाउडाडा, आणि तोही डाव्याने सुरू करून.

उशीवर वाजवल्याने मनगट कणखर होतं हे खरं, पण उशी उसळी देत नाही. दिवसाला ५ मिनिटं पुरे आणि त्यानंतर पॅडवर यायचंच. कोपर आणि मनगटामधला स्नायू भरून आला तर क्षणभर थांबून पुन्हा वाजवता येतं. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ आली, बोटं बधिर झाली, तर त्या दिवसाचा सराव बंद. कळ सोसून वाजवणारे पुढे महिनोन् महिने घरी बसतात.

ढोल-ताशा पथकातून ड्रमकडे आलेल्यांना एक वेगळी अडचण येते. ताशाचं पान इतकं ताणलेलं असतं की काडी स्वतःच उसळते आणि तर्री (ताशाचा रोल) भरीव लागते. तोच हात फ्लोअर टॉमच्या (किटमधल्या जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमच्या) सैल पानावर नेला की डाव्याची उणीव उघडी पडते. रोल स्नेअर, पॅड आणि फ्लोअर टॉम या तिन्हींवर वाजवून बघावा.

किटवर मी हाय-हॅट थोडा खाली घेतला आणि सोपे बीट हात न ओलांडता वाजवायला लागलो, डावा हाय-हॅटवर, उजवा स्नेअरवर. जॅझ-फ्यूजन ड्रमर बिली कोबहॅम असंच वाजवतात. आता बारमधले ८ स्ट्रोक डाव्याच्या वाट्याला येतात. फिलचं, म्हणजे बीट थांबवून मधे भरलेल्या तुकड्याचं, गणित मात्र वेगळं. किट उजव्यांसाठी मांडलेला असेल तर डाव्याने सुरू केलेला फिल स्नेअरकडून फ्लोअर टॉमकडे जाताना हात एकमेकांत अडकतात. बीटल्सचा डावखुरा ड्रमर रिंगो स्टार उजव्यांच्या किटवर वाजवतो, त्याचे फिल वेगळे वाटण्याचं हे एक कारण. म्हणून डाव्याने सुरू होणारा फिल उलट दिशेने बसवावा: फ्लोअर टॉम, मधला टॉम, छोटा टॉम, स्नेअर, प्रत्येकावर ४ स्ट्रोक, ७० बीपीएमपासून.