अँटिग्वाचं जेड: आधी दगड पाहा, मग चांदी

जेडचे (हिरव्या मौल्यवान दगडाचे) दागिने घ्यायला मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाला गेलात, तर विमानतळावरून थेट अँटिग्वा शहर गाठायची घाई करू नका. ग्वाटेमाला सिटीत विमानतळाजवळच राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आहे आणि तिकाल या प्राचीन माया नगरीतल्या एका थडग्यात सापडलेला जेडचा मुखवटा तिथे ठेवलेला आहे. तुकड्यातुकड्यांनी जोडलेला हा चेहरा पाच मिनिटं निरखून पाहिला की एक गोष्ट लक्षात येते: प्रत्येक तुकड्याची हिरवी छटा वेगळी आहे. कुठे शेवाळी, कुठे राखाडी, कुठे पांढरट शिरा. अँटिग्वाच्या दुकानात एकसारख्या पोपटी रंगाच्या मण्यांची अख्खी माळ समोर आली की हा मुखवटा आठवावा.

चांदीचं मात्र तिथे काहीच दिसत नाही, कारण अभिजात काळातल्या (साधारण इसवी सन 250 ते 900) माया लोकांकडे चांदीचे दागिने नव्हतेच. त्यांचं मोल हिरव्या दगडाला होतं. कानातली मोठी चकती, छातीवरचं पदक, मृताच्या तोंडात ठेवलेला मणी, सगळं जेडचं. चांदी स्पॅनिश अमलात रुळली. कोबान भागातल्या स्त्रियांच्या नाणी गुंफलेल्या चांदीच्या माळा, ज्यांना ‘चाचाल’ म्हणतात, त्याच काळाची देणगी. आज विकला जाणारा जेड-चांदीचा दागिना म्हणजे या दोन परंपरांचं लग्न आहे. त्यात काही खोटं नाही, फक्त विक्रेता त्याला ‘प्राचीन माया पद्धत’ म्हणाला तर ते मानू नये. तसाच मधोमध जीभ काढलेला चेहरा असलेला गोल पंचांग-दगड. तो मेक्सिकोतल्या अझ्टेकांचा आहे, मायांचा नाही.

अँटिग्वा राजधानीपासून सुमारे 40 किलोमीटर. वाहतुकीमुळे दीड तासही लागतो. शहरातल्या बऱ्याच जेडच्या दुकानांच्या मागेच कारखाना असतो आणि तो पाहू देतात. मी दुकानाआधी कारखान्यातच शिरतो, कारण दागिन्याचे दोष तिथेच समजतात.

दगड हिऱ्याच्या करवतीवर पाण्याच्या धारेखाली कापला जातो. पदकासाठी 6 ते 8 मिलिमीटरच्या चिपा काढतात, त्यांवर ॲल्युमिनियमच्या टोकाने आकार आखतात. साधी शाई पाण्यात धुऊन जाते. मग हिऱ्याच्या चाकांवर 100, 220, 600, 1200, 3000 अशा जाड ते बारीक कणांच्या क्रमाने घासणी आणि शेवटी चामड्यावर बारीक पेस्ट. यात कोणी 600 ची पायरी गाळली किंवा जोर लावून घाई केली की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खड्डेखड्डे दिसतो. जेडाइटचे, म्हणजे इथलं जेड ज्या खनिजाचं असतं त्याचे, कण एकमेकांत गुंतलेले असतात आणि प्रत्येकाची दिशा वेगळी, त्यामुळे मऊ बाजू जास्त झिजते. दिव्याचं प्रतिबिंब दगडावर पाडून तो तिरका फिरवा. प्रतिबिंबाची कड थरथरली तर पॉलिश अर्धवट आहे.

भोक दोन्ही बाजूंनी पाडायचं असतं. एकाच बाजूने आरपार गेलं की बाहेर पडताना कपची उडते. जुन्या मण्यांची भोकंही दोन्ही बाजूंनी पाडलेली, म्हणून मधे निमुळती, डमरूसारखी असतात.

चांदीकामात आपल्या सोनाराला काही नवं वाटणार नाही. तळाला 925 चा (92.5 टक्के चांदीचा) 0.6 मिलिमीटर पत्रा, कोंदणाची पट्टी 0.3 मिलिमीटरची शुद्ध चांदीची, कारण ती मऊ असते आणि दगडावर सहज वळते. आधी पट्टीची टोकं कडक (सर्वांत जास्त तापमानाला वितळणाऱ्या) डाखाने जोडायची, मग पट्टी तळाला मध्यम डाखाने, कडी सर्वांत शेवटी हलक्या डाखाने. तिन्हीकडे एकच डाख वापरला तर दुसऱ्या आचेत पहिला सांधा उघडतो. टाकणखार लावून झाळल्यावर तुकडा आम्लात बुडवतात, तिथे लोखंडी चिमटा चालत नाही. त्याने चांदीवर तांब्याचा लाल थर चढतो. दगड अखेरीस बसतो, आगीशी त्याचा संबंध येऊ द्यायचा नाही. बसवण्याआधी दगडाच्या तळाची धार अर्धा मिलिमीटर मारून घ्यावी, नाहीतर कोपऱ्यात साचलेल्या डाखावर तो अडकतो आणि कोंदण दाबलं तरी हलत राहतो.

आता खरेदी. माझा सल्ला एकच: शक्य असेल तर सुटा दगड घ्या आणि मग मढवून घ्या. सुट्या दगडाची घनता मोजता येते, मढवलेल्याची नाही. दागिने तोलायच्या काट्यावर हवेत 20 ग्रॅम भरलेला दगड दोऱ्याला बांधून पाण्यात तोलला आणि 14 ग्रॅम भरला, तर फरक 6. वीस भागिले सहा, म्हणजे 3.33. हे जेडाइट. पाण्यात साडेबारा भरला तर घनता 2.67 येते, म्हणजे क्वार्ट्झ किंवा अल्बाइट, जेड नसलेली हलकी खनिजं. हिरवं अल्बाइट इथे सर्रास ‘जेड’ म्हणून खपतं. सुरीने ओरखडून पाहण्याची शिफारस कोणी केली तर ऐकू नका, क्वार्ट्झलाही पोलादी सुरी चरे पाडू शकत नाही.

मढवलेलाच घ्यायचा असेल तर पाठीमागे खिडकी ठेवलेला घ्या. बंद पाठीखाली रंगाचा लेप, पातळ चीप, काहीही लपतं. दहा पट भिंगातून तड्यांमध्ये रंग साचलेला दिसला तर तो रंगवलेला आहे. शिक्का 925 चा हवा. ‘अल्पाका’ म्हटलं की ते जर्मन सिल्व्हर समजा. आणि कोणी थडग्यातला जुना मणी हळूच पुढे केला तर दुकान सोडा. खरा असेल तर देशाबाहेर नेणं गुन्हा, खोटा असेल तर पैसे गेले.

एक दिवस हाताशी असेल तर अटलांटिककडे जाणाऱ्या महामार्गाने मोतागुआ नदीच्या खोऱ्यात उतरा. हिरव्या डोंगरांतून एकदम निवडुंगाच्या रखरखीत प्रदेशात येतो, उकाडा कडक. 1976 चा भूकंप याच खोऱ्यातल्या भ्रंशावर झाला आणि हाच भ्रंश जेडचं कारण आहे; दोन भूपट्ट घासतात तिथे प्रचंड दाबाखाली तयार झालेलं जेडाइट सर्पेंटाइन या मऊ हिरवट दगडासोबत वर आलं. 1950 च्या दशकात मान्सानाल गावाजवळ ते जागेवर सापडेपर्यंत मायांचा दगड कुठला, हे संशोधकांना ठाऊक नव्हतं. नदीकाठचे धोंडे बाहेरून तपकिरी, साधे. दगड शोधणारे हातोडीने पारखतात: सर्पेंटाइन बद्द वाजून फुटतं, जेडाइटवर हातोडी खणकन उसळून परत येते.