प्रभागाची वही

महापालिकेची निवडणूक लागली की पंधरा दिवस सगळ्यांना समाजकार्याचं भरतं येतं. सोसायटीच्या ग्रुपवर शाई लावलेल्या बोटांचे फोटो फिरतात, कोणीतरी मतदार चिठ्ठ्या वाटायला पोरं उभी करतं, आणि मतदानाच्या दिवशी सकाळी नऊला कळतं की सी विंगमधल्या निम्म्या लोकांची नावं नाल्यापलीकडच्या प्रभागात गेली आहेत. त्या वेळी कोणी काही करू शकत नाही. यादी तेव्हा गोठलेली असते. स्वयंसेवकाचं खरं काम निवडणुकीच्या पंधरवड्यात नसतंच. ते आत्ता असतं, निकाल लागून गुलाल धुतला गेल्यावर.

त्यासाठी दोनशे पानी वही पुरते. तीत तीन गोष्टी जमा करत जायच्या: यादी, उमेदवार आणि कामं. खालची उदाहरणं पुण्याची आहेत. मार्च 2022 पासून प्रशासकाच्या ताब्यात असलेल्या या महापालिकेत 15 जानेवारी 2026 ला मतदान होऊन 41 प्रभागांतून 165 नगरसेवक निवडून आले. इथे एका प्रभागातून चार नगरसेवक निवडले जातात, फक्त एका प्रभागात पाच. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक असतो. तिथल्यांनी चार बटणांचा भाग सोडून बाकीचं वाचावं.

आधी यादी, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण त्याची स्वतःची मतदार यादी नसते. भारत निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतली जाते आणि प्रभागांप्रमाणे फोडली जाते. जानेवारीच्या मतदानाला 1 जुलै 2025 ची यादी होती. म्हणजे ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झालेल्या मुलाने सप्टेंबरात अर्ज केला तरी या मतदानाला त्याचा उपयोग नव्हता. प्रारूप प्रभाग यादी आली की हरकती मागवतात, आणि तेव्हा लोक 'माझं नाव घाला' म्हणून रांगा लावतात. त्या टप्प्यावर नवीन नाव घालता येत नाही आणि काढताही येत नाही. फक्त लेखनिकाच्या चुका, चुकीच्या प्रभागात पडलेली नावं आणि विधानसभेच्या यादीत असून प्रभागाच्या यादीतून गळलेली नावं, एवढंच दुरुस्त होतं. बाकी सगळं आधी, विधानसभेच्या यादीत.

नावं दुसऱ्या प्रभागात जातात त्याचं कारण साधं आहे. विधानसभेच्या यादीचा एक 'भाग' साधारण हजार-बाराशे मतदारांचा असतो आणि प्रभागाची हद्द कधी नाल्यावरून तर कधी रस्त्याच्या मध्यातून जाते. हद्दीने भाग कापला की कर्मचाऱ्याला नावं पत्त्यावरून वाटावी लागतात. आणि पत्ता काय असतो? 'घर क्र. 0', 'मारुती मंदिराजवळ', कधी नुसतं गावठाणाचं नाव. अशा पत्त्याचा माणूस हद्दीच्या कुठल्या बाजूला राहतो हे टेबलावर बसून कोणालाच कळणार नाही. त्यामुळे यादीतला पत्ता नीट करून ठेवणं हा एकच कायमचा उपाय आहे, आणि तो वर्षभर करता येतो.

आपल्या भागाची यादी उतरवून घ्या, छापा आणि शनिवारी संध्याकाळी दोघांनी बसा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने सोसायटीच्या सभासद वहीत खूण करायची. एका पानावर 30 चौकटी असतात, म्हणजे अकराशे मतदारांचा भाग सदतीस-अडतीस पानांचा होतो. एका बैठकीत सगळा उरकायला जाऊ नका. शेवटच्या पानांवर डोळे नुसते सरकतात आणि चुका नेमक्या तिथेच राहतात. प्रत्येक चौकटीत चार गोष्टी बघायच्या: आडनावासकट नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय. 'पतीचे नाव' म्हणून वडील छापलेले, सून आणि सासू एकाच वयाच्या, असं बरंच सापडतं.

मग फॉर्म. पहिल्यांदा नाव घालायचं तर 6. मयत किंवा कायमचं निघून गेलेलं नाव कमी करायचं तर 7. पत्ता बदलला, नावात चूक आहे किंवा ओळखपत्र हरवलं तर 8. साताऱ्याहून पुण्याला आलेला माणूस सर्रास 6 भरतो आणि जुन्या नावाचा उल्लेख टाळतो. मग तो दोन्हीकडे राहतो आणि 'दुबार' ठरतो. जानेवारीच्या याद्यांमध्ये अशा संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे होते. स्थलांतराला 8 च भरायचा, म्हणजे जुन्या ठिकाणचं नाव निघतं. 7 च्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. मृत्यू दाखला हातात असेल आणि घरच्यांना माहीत असेल तरच भरा. 'हे लोक इथे दिसत नाहीत' म्हणून दुसऱ्यांच्या नावाने गठ्ठ्याने 7 भरणं ही समाजसेवा नव्हे. खोटं निवेदन केलं तर 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि लोकांचे आधारचे फोटो ग्रुपवर मागवू नका. ज्याचा त्याने भरावा, आपण शेजारी बसावं.

आता उमेदवार. अर्जासोबतचं शपथपत्र उघड असतं. ते वाचताना सगळ्यांची नजर आधी संपत्तीच्या बेरजेवर जाते आणि त्यातून फारसं काही कळत नाही. पुण्यात वडिलोपार्जित दोन गुंठे असले तरी माणूस कोट्यधीश दिसतो. मागच्या वेळचं शपथपत्र शेजारी ठेवा आणि फरक बघा: कुठल्या गावात जमीन वाढली, कुठल्या भागीदारी संस्थेचं नाव नवीन आलं, कर्ज कोणाचं आहे. पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असणं ही अपात्रता आहे, म्हणून पती-पत्नीच्या व्यवसायाचा रकाना मन लावून वाचा.

गुन्ह्यांच्या रकान्यात संख्या मोजू नका, कलम वाचा. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात, त्याआधीच्यांना जुन्या भारतीय दंड संहितेची, त्यामुळे एकाच शपथपत्रात दोन्ही आकडे सापडतील. जुनं 143 म्हणजे आताचं 189 आणि जुनं 188 म्हणजे 223. बेकायदा जमाव आणि आदेशभंग. आंदोलनं केलेल्या कुठल्याही कार्यकर्त्यावर ही असतात. जुनं 420 (आता 318) फसवणुकीचं आणि 384 (आता 308) खंडणीचं. ही दिसली तर दोषारोप निश्चित झाले आहेत का, हा पुढचा रकाना बघा. सगळ्यात फसवं कलम जुनं 353, आताचं 132: सरकारी कर्मचाऱ्यावर कामात अडथळा आणण्यासाठी बळाचा वापर. पाण्यासाठी टाकीवर मोर्चा नेलेल्यावर ते लागतं आणि अतिक्रमण पथकाच्या अभियंत्याच्या कानाखाली मारणाऱ्यावरही लागतं. तारीख आणि पोलीस ठाणं लिहून घ्या, त्या आठवड्याचं स्थानिक वर्तमानपत्र शोधा. दहा मिनिटांत उलगडा होतो.

सोसायटीत उमेदवार बोलवायचे तर सगळ्यांना बोलवा, सारखी मिनिटं द्या आणि 'विकासाबद्दल तुमचं काय मत' हा प्रश्न टाळा. त्यावर सगळ्यांचं उत्तर सारखंच येतं. या प्रभागाला कुठल्या टाकीतून पाणी येतं, आपला ओला कचरा कुठे जिरतो, मागच्या अंदाजपत्रकात प्रभागाला मिळालेल्या निधीतून काय झालं, असे प्रश्न विचारा. उलट आपणही भलत्या अपेक्षा करू नयेत. वीज महावितरणची, मेट्रो महामेट्रोची, वाहतुकीचा पोलीस राज्य सरकारचा. बस पीएमपीएमएलची, आणि ती कंपनी पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही पालिकांची मिळून आहे. ट्रान्सफॉर्मर हलवून देतो म्हणणारा उमेदवार एक तर अजाण असतो, नाही तर आपल्याला अजाण समजतो.

मतदान यंत्रावर चार जागा: अ, ब, क, ड. प्रत्येकीचं आरक्षण वेगळं, प्रत्येकीची यादी वेगळ्या रंगाची: पांढरी, फिकट गुलाबी, फिकट पिवळी, फिकट निळी. प्रत्येक जागेला एकच मत. चारही मतं एका आवडत्या उमेदवाराला देता येत नाहीत. उलट चार जागांना चार वेगळ्या पक्षांचे उमेदवार खुशाल निवडता येतात, 'पॅनेल टू पॅनेल' हा फक्त प्रचाराचा आग्रह आहे. एखाद्या जागेवर कोणीच पटत नसेल तर त्या जागेचं 'नोटा' दाबायचं, पण दाबायचं नक्की. तीनच बटणं दाबून निघालात तर मतदान पूर्ण होत नाही, मागची रांग अडते आणि केंद्राध्यक्ष हाका मारतात. चौथं बटण दाबल्यावरचा लांब आवाज ऐकूनच बाहेर या. स्थानिक निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसतं, त्यामुळे चिठ्ठी दिसली नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर भांडून परत फिरू नका, प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे अशा मतदाराला मिळणारी वेगळी कागदी मतपत्रिका, मागा. ज्येष्ठांसाठी रिक्षा ठरवलीत तर खर्च सोसायटीचा असू द्या. उमेदवाराच्या पैशाने आलेली रिक्षा हा गैरप्रकार ठरतो.

वहीतला तिसरा भाग कामांचा. लोकांना सगळ्यात कमी माहीत असलेला आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा. 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत कागदपत्रं पाहता येतात. क्षेत्रीय कार्यालयात जाऊन 'रस्त्याची फाइल दाखवा' म्हणालात तर कोणी हलणार नाही. कामाचं नेमकं नाव, आर्थिक वर्ष आणि जमल्यास कार्यादेशाचा (वर्क ऑर्डरचा) क्रमांक सांगा. नाव आधी अंदाजपत्रकातून काढा. नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली बारीक कामं 'सह यादी'त असतात. बाकडी, कमानी, नामफलक आणि रंगरंगोटी किती आहे नि ड्रेनेज किती आहे, हे मोजलं की प्रभागाचा स्वभाव कळतो.

फाइलमध्ये तीन कागद बघायचे: पूर्वगणनपत्रक (कामाचं एस्टिमेट), कार्यादेश आणि मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे एमबी म्हणतात. समजा पदपथाचं काम आहे आणि एमबीत लांबी 120 मीटर, रुंदी 1.8 मीटर, म्हणजे 216 चौरस मीटर ब्लॉक लिहिलेत. 30 मीटरची फायबर टेप घेऊन दोघं जा. पट्टी चार वेळा लावावी लागेल, प्रत्येक वेळी खडूने खूण करा. सोसायट्यांच्या गेटसमोरचे काँक्रीटचे उतार, झाडांचे कट्टे, विजेचे फीडर पिलर यांच्या जागी ब्लॉक नसतात. ते वजा केलेत का, हा खरा प्रश्न. मग कडेचा एखादा सुटा ब्लॉक मिळाला तर जाडी बघा. पूर्वगणनपत्रकात 80 मिमी आणि जागेवर 60 असेल तर प्रत्येक चौरस मीटरच्या दरात फरक पडतो. दोन-तीन टक्क्यांची तफावत सोडून द्या, हाताने घेतलेल्या मापात तेवढी येतेच. आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख वहीत लाल शाईने लिहा. त्याआधी ब्लॉक खचले तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. ती तारीख कोणी लक्षात ठेवत नाही म्हणून तेच काम पुन्हा अंदाजपत्रकात येतं.

सोमवारी भागलं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. 'गेल्या पाच वर्षांतील सर्व कामांची सर्व माहिती' असा अर्ज म्हणजे नकाराला दिलेलं आमंत्रण. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, आणि ते पुढच्या तीस दिवसांत करायचं.

प्रभाग समितीवर मान्यताप्राप्त संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात, अशी तरतूद महापालिका अधिनियमाच्या कलम 29अ मध्ये आहे. तिथे बहुतेक वेळा पक्षाच्या जवळचीच मंडळी बसतात. तरी अर्ज करून ठेवावा. न बसवण्याचं कारण लेखी मिळालं तर तेही वहीत चिकटवता येतं.

पुण्यात 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात, एका कामाला पाच लाखांची मर्यादा. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात क्षेत्रीय कार्यालयात घेतात. फेटाळले जातात ते मोठ्या कारणांनी नाही. जागा खासगी असते, काम सोसायटीच्या कुंपणाच्या आत असतं, काम महावितरणचं असतं, किंवा 'चौकाजवळ बाकडी' असं लिहिलेलं असतं आणि कनिष्ठ अभियंत्याला नेमकी जागा सापडत नाही. चौकाचं नाव लिहा, रस्त्याची बाजू लिहा आणि सगळ्यात जवळच्या दिव्याच्या खांबावर रंगवलेला नंबर लिहा. मग शिक्का मारलेली पोच घ्या.