तुम्ही विचारलंत म्हणून: डोकं कशाला भादरलं?

“पैसेच द्यायचे होते ना? मग सरळ द्यायचे. डोकं कशाला भादरलंस?”

मी मेलबर्नला राहते. मार्चमध्ये इथल्या ‘वर्ल्ड्स ग्रेटेस्ट शेव्ह’मध्ये, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या पेशंटसाठी डोकं भादरून पैसे जमवायच्या उपक्रमात, चमनगोटा करून घेतला, तेव्हापासून पुण्याहून येणारा प्रत्येक फोन या प्रश्नावर येऊन थांबतो. मावशी विचारते, शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, सोसायटीतले काका जिन्यात आईला गाठून विचारतात.

सरळ दिले असते तर माझ्या पर्समधून निघाले असते तेवढेच गेले असते. मला हात घालायचा होता तो दुसऱ्यांच्या खिशात, आणि त्याला निमित्त लागतं. गणपतीची वर्गणी आपण देतो ती पोरं दारात उभी राहतात म्हणून. मांडवात जाऊन आपणहून पाचशेची नोट ठेवून येणारा विरळाच (असेल तर त्याला माझा नमस्कार). माझं डोकं हे माझं पावतीपुस्तक होतं.

हा उपक्रम ल्युकेमिया फाउंडेशन या ब्लड कॅन्सरसाठी काम करणाऱ्या इथल्या संस्थेचा, 1998 पासून चालू आहे. नाव नोंदवायचं, वेबसाइटवर आपल्या नावाचं पान तयार होतं, ते ओळखीपाळखीत फिरवायचं. कुणी किती दिले ते पानावर सगळ्यांना दिसतं, त्यामुळे पहिल्याने पन्नास डॉलर टाकले की पुढच्याला पाच टाकायला लाज वाटते. दोन डॉलरपासून पुढच्या देणगीला टॅक्समध्ये सूट मिळते, तेही लोक बरोबर लक्षात ठेवतात. शिवाय आमच्या ऑफिसात केस कापायचं मशीन कोण चालवणार याचा लिलाव झाला. एरवी वाढदिवसाच्या केकला पैसे काढताना कुरकुरणारा आमचा अकाउंटंट चढाओढीने बोली लावत होता. लांब केसांवर मशीन चालत नाही, अडकतं. म्हणून आधी केसांच्या चार शेपट्या बांधून रबराच्या वरून कात्रीने कापल्या आणि मग मशीन फिरलं, पॅन्ट्रीत, मायक्रोवेव्हच्या शेजारी. पहिल्या पट्ट्यानंतर सगळे एकदम गप्प झाले. दुसऱ्यानंतर हसायला लागले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पानावर जेवढे पैसे आले, तेवढे आधीच्या सगळ्या आठवड्यांत मिळून आले नव्हते.

हे असंच होतं, सगळीकडे. अमेरिकेतल्या ‘सेंट बाल्ड्रिक्स’ या अशाच उपक्रमाची सुरुवात तर न्यूयॉर्कच्या एका पबमध्ये झाली. विमा व्यवसायातल्या तिघा दोस्तांनी 17 मार्च 2000 साठी, सेंट पॅट्रिकच्या सणासाठी, बेत आखला: सतरा डोकी आणि सतरा हजार डॉलर, लहान मुलांच्या कॅन्सरसाठी. डोकी झाली एकोणीस, डॉलर जमले 1,04,000च्या वर. तिघांनी गाजावाजा न करता चेक फाडले असते तर एवढे जमले नसते.

‘म्हणजे पेशंटच्या दुःखात सहभाग’ असं कुणी म्हणालं की मात्र मी अडवते. माझ्या एका सहकारिणीला लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा ब्लड कॅन्सर, होऊन गेलाय. नाव नोंदवण्याआधी मी तिला विचारलं. ती म्हणाली, “कर की. फक्त मला काय वाटलं ते तुला कळलं, असं म्हणू नकोस. तू तारीख ठरवून, फोटो काढून करणार. माझे उशीवर सापडले.” केमोची बरीच औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात, त्यात केसांच्या मुळाच्या पेशीही सापडतात आणि दोन-तीन आठवड्यांत केस हातात येऊ लागतात. भुवया, पापण्याही जातात. माझ्या पापण्या शाबूत होत्या, तोंडाची चव शाबूत होती, दुसऱ्या दिवशी मी मिसळ करून खाल्ली. मला त्रास काय, तर खुंटांना टॉवेल अडकायचा आणि टाळूला सनस्क्रीन लावावं लागायचं. एवढ्यावर सहवेदनेचा दावा कसा करू?

आईचा आक्षेप वेगळा होता. “नवरा धडधाकट असताना बाईमाणसाने?” एवढंच म्हणाली आणि विषय बदलला. आमच्याकडे पणजीचा एक फोटो आहे, पदर कपाळापर्यंत ओढलेला. अंगावर आलवण, विधवेचं लुगडं. ते लाल होतं हे घरातल्यांनी सांगायचं, फोटोत काळंच दिसतं. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांची डोकी आपण भादरणार नाही असं त्यांनी ठरवलं. त्यानंतरही ती चाल पुष्कळ वर्षं गेली नाही. आईने लहानपणी ती बघितलीय. तिला मी वाद घालून पटवलं नाही, पटवायचंही नव्हतं. व्हिडिओ कॉलवर ती अजून माझ्या कपाळाकडे बघते, वर बघत नाही.

पैशाचं काय होतं, हे फार कमी लोक विचारतात. संशोधनाला जातात, ब्लड कॅन्सरच्या पेशंटना आणि घरच्यांना आधार द्यायला जातात, आणि मला सगळ्यात पटलेलं काम म्हणजे राहण्याची सोय. इथे लांबच्या गावातून उपचाराला शहरात यायचं म्हणजे शेकडो किलोमीटर. महिनोन्‌महिने राहायचं कुठे? परळला टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर गाठोडी घेऊन बसलेली कुटुंबं ज्याने बघितलीत, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. औषध मिळतं, डॉक्टर मिळतो, पण डोक्यावर छप्पर नाही म्हणून माणूस उपचार अर्धवट टाकून गावी परततो.

म्हणून मी मावशीला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेबद्दल सांगितलं. टाटाला येणारे बाहेरगावचे कॅन्सर पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. मावशीने पुढच्याच आठवड्यात पैसे पाठवले आणि पावतीचा फोटो मला टाकला. खाली लिहिलं होतं, “केसांना हात लावलेला नाही.”

तो फोटो मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. अकाउंटंटने विचारलं, “तुझ्या मावशीचे केस केवढे आहेत?”