किलोवरून नगावर : आमची वाटचाल

आमच्या जुन्या कॉमिक्सच्या दुकानात नवीन आलेलं गिऱ्हाईक वेताळाचा, म्हणजे फँटमचा, अंक दाखवून हमखास विचारतं, "तोच वेताळ, तोच अंक. मग त्या गठ्ठ्यात 80 रुपयांना आणि काचेच्या कपाटात 3,500 ला, हे कसं काय?" त्यातला एखादा मोबाईल पुढे करतो, "आणि इथं तर एकानं 12,000 लावलेत. तो वेडा की तुम्ही?"

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर द्यायचं तर दुकानाची सगळी कुळकथा काढावी लागते, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

वडील गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. कापडाचा तागा पुढे सरकत जायचा आणि हे नुसत्या नजरेनं सांगायचे, हा फ्रेश, हा सेकंड, हा डागी. 1978 साली नोकरी सोडून त्यांनी मंगळवार पेठेत एका गाळ्यात रद्दीचा काटा लावला. सोलापूरची रद्दी ही एक वेगळीच चीज होती. एकाच पोत्यातून मराठी 'चांदोबा', तेलुगू 'चंदमामा' आणि कन्नड 'चंदमामा' असे तिन्ही निघायचे. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरांतून तेलुगू, अक्कलकोटकडून आलेल्या पोत्यांतून कन्नड. चित्रं सगळीकडे तीच, त्यामुळे लहानपणी मी तेलुगू अंकसुद्धा 'वाचायचो'. वडील मात्र तिन्हींचा भाव एकच धरायचे, किलोचा.

नगाचा विचार पहिल्यांदा आईच्या डोक्यात आला. सोलापूरचा मे महिना म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. पोरं घरात कोंडलेली. तिनं रद्दीतून इंद्रजाल कॉमिक्स (वेताळ त्यातलाच), अमर चित्रकथा, चांदोबा वेगळे काढले आणि दिवसाला 10 पैसे भाड्यानं द्यायला सुरुवात केली. दोन सुट्ट्यांत भाड्याचं उत्पन्न रद्दीच्या पुढे गेलं. पोरं फाडतात म्हणून आम्ही काय केलं? प्रत्येक अंकाला दाभणानं तीन भोकं पाडून सुती दोऱ्यानं शिवलं, खाकी कव्हर चिकटवलं आणि मुखपृष्ठावर वेताळाच्या छातीवर दुकानाचा जांभळा शिक्का मारला. कडा वाकड्या दिसल्या तर बाइंडरकडून कापून घेतल्या. आज ज्याला हाय-ग्रेड म्हणतात, म्हणजे जवळजवळ नव्यासारखा राहिलेला, तो माल सोलापुरातून नाहीसा करण्यात आमच्या दुकानाचा वाटा मोठा आहे. हे मी अभिमानानं सांगत नाही, पण खरं आहे ते सांगितलं पाहिजे.

इंद्रजाल मार्च 1964 मध्ये 60 पैशांत सुरू झालं, पहिले 32 अंक सगळे वेताळाचेच, आणि 1990 मध्ये बंद पडलं. मग केबल आली. भाड्याचा धंदा बसला. ती आठ-दहा वर्षं वह्या-पुस्तकं, गाईड, पुन्हा रद्दी यांवर निघाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2004 साली 'हुतात्मा' एक्सप्रेसनं पुण्याहून एक डॉक्टर आले. माळ्यावरचे छत्तीसएक अंक मी त्यांच्यापुढे टाकले. त्यांनी खिशातून भिंग काढलं. चित्राकडे बघतच नव्हते. पिन बघत होते, कणा बघत होते, कोपरे बघत होते. तासाभरानं त्यांनी सहा अंक बाजूला काढले आणि प्रत्येकी 50 रुपये दिले. बाकीचे तीस? "हे वाचायला छान आहेत," म्हणाले. वडील खाटेवर बसून हे सगळं बघत होते. डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "हे तर आमचं फोल्डिंग खातंच झालं की रे. फ्रेश, सेकंड, डागी." मला धंदा शिकवणारं यापेक्षा नेमकं वाक्य कुणी बोललं नाही.

त्यानंतर मी फ्रेश मालाच्या मागे लागलो. 2007 मध्ये एका तालुक्याच्या गावात जुन्या वृत्तपत्र एजंटाच्या माळ्यावर, गोणपाटात शिवलेला न विकलेल्या अंकांचा गठ्ठा मिळाला. वरचे चार अंक उन्हानं तपकिरी झालेले, आतले मात्र जणू कालच छापून आलेले. वर्तमानपत्री कागदात लाकडाचं लिग्निन असतं, उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो. आतल्या अंकांना ना उजेड लागला होता ना हवा. आणि सोलापूरची कोरडी हवाही कामाला आली. मुंबईच्या दमट हवेत पिना गंजून भोवताली तांबडी वर्तुळं पडतात, आपल्याकडे पिना चकचकीत राहतात. उन्हात टाकलात तर कागद मात्र पापडासारखा होतो, ते वेगळं.

140 अंक, 42,000 रुपये. म्हणजे नगाला 300. घरात भांडण झालं, तरी घेतले.

आणि मग मी तेच केलं, ज्याबद्दल लोक आज मला विचारतात. कुठल्याशा विक्रेत्याच्या यादीत असेच अंक 2,500 ला लावलेले मी पाहिले होते. म्हटलं, आपण 2,000 ला देऊ, स्वस्तच झालं. सात महिन्यांत एकही गेला नाही. शेवटी डॉक्टरांना फोन लावला. ते हसले. "अहो, तो माणूस तीन वर्षं 2,500 च लावून बसलाय. तुम्ही त्याचा भाव बघितला, सौदा कुठं बघितला?"

सोलापूरच्या माणसाला हे दुसऱ्यानं सांगायला लागावं याची लाज वाटली. आपल्या बाजार समितीत रोज कांद्याचा भाव निघतो. तो भाव म्हणजे झालेला लिलाव. शेतकऱ्याच्या मनात काय आहे ते फळ्यावर कुणी लिहीत नाही. कॉमिक्सच्या धंद्यात मात्र मनातलेच भाव फळ्यावर असतात. एक लावतो, दुसरा त्याच्याकडे बघून लावतो, तिसरा दोघांची सरासरी काढतो, आणि तिघांचाही माल कपाटात. अमेरिकेत निदान 1970 पासून दरवर्षी छापलेलं भाव-पुस्तक आहे, लिलावांच्या नोंदी आहेत. आपल्या वेताळाच्या बाबतीत बोट ठेवून दाखवावं असं काही माझ्या हाती नव्हतं. म्हणून मी स्वतःची वही घातली. तिच्यात फक्त झालेले सौदे लिहायचे. अंक, अवस्था, रक्कम, तारीख. ती वही हेच आज आमचं खरं भांडवल आहे.

ते 140 अंक पुढे 600 ते 900 च्या दरम्यान गेले. चार वर्षं लागली.

दुसरा धडा अमेरिकन मालानं दिला. पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. 2016 मध्ये तो म्हणाला, काका, आता प्लास्टिकमध्ये सीलबंद कॉमिक्सचा जमाना आहे. तिकडे सीजीसी नावाची कंपनी 2000 सालापासून हे काम करते. अंक तपासायचा, अर्ध्यापासून दहापर्यंत गुण द्यायचे, कडक पारदर्शक डबीत बंद करायचा. याला 'स्लॅब' म्हणतात. सुपरमॅनचा जून 1938 मधला पहिला अंक, मूळ किंमत 10 सेंट, त्याची 9.0 गुणांची प्रत 2014 मध्ये 32 लाख डॉलरला गेली. असं काही ऐकलं की माणसाची बुद्धी चळते. माझीही चळली. एका विक्रेत्याकडून 1991 चा 'एक्स-मेन' क्रमांक 1, गुण 9.8, मी 11,000 ला घेतला. "9.8 आहे, दुर्मीळ आहे," असं त्यानं सांगितलं आणि मी मान डोलावली.

तो अंक पाच मुखपृष्ठांसह 80 लाखांवर प्रती खपलेला! लोकांनी तेव्हाच तो 'पुढं सोनं होईल' म्हणून न वाचता पिशवीत घालून ठेवला होता. सगळेच सांभाळून ठेवतात ती वस्तू दुर्मीळ कशी होणार? 1938 चा अंक महाग आहे, कारण पोरांनी तो वाचून फाडला, आयांनी रद्दीत घातला. त्या सट्ट्याचा फुगा फुटल्यावर तिकडची दुकानं धडाधड बंद झाली आणि डिसेंबर 1996 मध्ये तो अंक काढणाऱ्या खुद्द मार्व्हल कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. हे सगळं मी पैसे दिल्यावर वाचलं. झालेले सौदे शोधले तर माझ्या निम्म्यापेक्षाही कमीत. ती डबी अजून माझ्याकडे आहे. पोरं तिच्यावर चहाचा कप ठेवतात.

तर मूळ प्रश्न. हाय-ग्रेड मालातच भाव एवढे का फुगतात?

लोक म्हणतात हाव. हाव असतेच, पण ती गठ्ठ्यातल्या 80 रुपयांच्या अंकातही असते. तिथं ती चालत नाही, कारण शेजारी दुसरा 80 चा अंक असतो. वरच्या टोकाला शेजारीच नसतो. 9.6 आणि 9.8 मधला फरक म्हणजे कोपऱ्यावरची केसाएवढी मुरड, मलाही ती तिरप्या उजेडात दोनदा बघावी लागते, पण बऱ्याच अंकांत भाव दुपटीवर जातो. जिथं डोळ्याला दिसत नाही आणि तुलनेला माल नाही, तिथं तोंडाला येईल तो आकडा चालतो. त्यात "या गुणांच्या जगात फक्त तीन प्रती" हे वाक्य. त्या तीन म्हणजे आजवर तपासायला आलेल्यांतल्या तीन. भाव चढला की लोक माळ्यावरून आणखी काढतात, वाकलेले अंक दाबून सरळ करून पुन्हा पाठवतात आणि तीनच्या बारा होतात. किमतीची चिठ्ठी मात्र तीनचीच राहते.

पण माझ्या अनुभवात खरं मोठं कारण वेगळंच आहे. विक्रेत्यानं तो स्वतः महाग घेतलेला असतो. माझी 11,000 ची डबी मी 5,000 ला विकली तर मी मूर्ख ठरलो हे वहीत लिहावं लागतं. 14,000 लावून ठेवली तर मी अजून मूर्ख ठरलेलो नाही. वर परदेशी पाठवायचा खर्च, तपासणीची फी, विमा, साइटचं कमिशन हे सगळं तो भावात धरतो. गिऱ्हाइकाला त्याच्याशी काय देणंघेणं? आणि हा माल म्हैस नाही, चारा मागत नाही. गाळा स्वतःचा असला की दहा वर्षं पडून राहिला तरी चालतो. टॉवेलवाल्याला जुना माल काढावाच लागतो, आम्हाला कुणी काढायला लावत नाही. काही माल तर दुकानदाराचा नसतोच. मालकानं "10,000 च्या खाली देऊ नका" म्हणून ठेवलेला असतो, आणि शिव्या आम्ही खातो.

काही लबाडीही आहे, ती लपवत नाही. 12,000 लावून 'तुमच्यासाठी 7,000' म्हणणं. कपाटात एक 40,000 चा अंक ठेवायचा, म्हणजे शेजारचा 4,000 चा स्वस्त वाटतो. पिना बदललेला, कडा कापलेला अंक 'मिंट', म्हणजे अगदी कोरा, म्हणून खपवणं. असा गठ्ठा मीही एकदा फसून घेतला होता. नव्या पिना चकाकतात, पण जुन्या पिनेची भोकं शेजारीच असतात. आता आम्ही प्रत्येक अंकाचा फोटो चारही कोपऱ्यांसह, कण्यासह, मधल्या पानाच्या पिनांसह देतो. गुण आम्ही लावतो ते अर्धा कमीच लावतो. आणि मागितलं तर वही दाखवतो. यामुळे दोन-चार विक्रेते माझ्याशी बोलत नाहीत, पण गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या दिवसांत हैदराबाद, गुलबर्ग्याहून येणारी माणसं थेट दुकानात येतात.

एवढं सगळं सांगितल्यावर एक कबुली द्यायला हवी. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर मराठी वेताळाचा एक अंक आहे, 18,000 रुपये. वहीप्रमाणे त्याचा सौदा 6,000 च्या वर होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. वडिलांनी शिक्का मारायचा राहून गेलेला तो एकमेव अंक. का राहिला ते त्यांनाही आठवत नव्हतं. बायको म्हणते, मग 'विकायचा नाही' असं लिहा की सरळ. तसं एकदा लिहिलंही होतं. पण 'विकायचा नाही' वाचलं की गिऱ्हाईक हट्टाला पेटतं, तासभर बसून मन वळवतं. 18,000 वाचलं की मुकाट्यानं पुढच्या फळीकडे वळतं.

गेल्या जानेवारीत हैदराबादचा एक तरुण आला. पाच मिनिटं काचेतून बघत राहिला, मग म्हणाला, "ठीक आहे, द्या," आणि क्यूआर कोडवर मोबाईल धरला. माझे हात थरथरायला लागले. म्हटलं, "माफ करा, तो कालच एकानं सांगून ठेवलाय." त्याला चहा पाजला, शेंगाचटणीची पुडी बरोबर दिली.

तो गेल्यावर चिठ्ठी बदलली. आता 40,000 आहे.